कूलरची निगा

परभणी जिल्ह्यांतील वैशाखाचें ऊन जितकें प्रखर, तितकेंच कोरडें. म्हणूनच कूलर तेथें इतका उपयोगी पडतो. वाळ्याच्या ओल्या पडद्यांचेंच हें यांत्रिक रूप होय. ओल्या गवतांतून येतांना हवेची उष्णता पाण्याची वाफ करण्यांत खर्च होते व हवा थंड होते. हें तत्त्व ध्यानांत ठेविलें, म्हणजे निगेचे नियम आपोआप उमगतात.

दमट हवेस बाहेर जाण्याकरितां समोरची खिडकी उघडी ठेवावी. एरवीं थंडाव्याऐवजीं घामच येतो. बोअरच्या जड पाण्यांतील क्षार गवतावर साचून वाट बुजवितात. तें गवत कडक होतांच बदलावें.

परंतु भगिनींनो, खरी दक्षता हवी ती दोन बाबतींत. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यांत वाढतो. उन्हाळ्यांत अंड्याचा डास होण्यास ८-१० दिवस पुरतात. अंडीं टांकीच्या कडांस चिकटून कोरड्यांतही अनेक महिने टिकतात. यास्तव दर आठवड्यास टांकी नुसती रिकामी न करितां घांसून कोरडी करावी. दुसरी बाब विजेची. पत्र्याच्या कूलरचें अर्थिंग जाणकाराकडून तपासून घ्यावें. पाणी भरण्यापूर्वीं बटण बंद करून प्लग काढावा, व हें काम मुलांस कदापि सांगूं नये.

मृगाच्या सरींनीं हवा ओलावली कीं कूलरचें काम संपलें. तेव्हांच टांकी व पंप स्वच्छ करून, सुकवून, झांकून ठेवावीं. पुढील चैत्रांत दुरुस्तीची धांवपळ करावी लागणार नाहीं.