नानांनी मिळवलेली वीस वर्षे

वर्षभर एक शब्द चपलेतल्या खड्यासारखा टोचतो आहे : चाणक्य. पक्ष फोडला की चाणक्य, रातोरात आमदार हॉटेलात नेऊन बसवले की चाणक्य, आणि दिलेला शब्द ऐन वेळी फिरवला तर मग विचारायलाच नको. बाकी वर्षाचे काय सांगायचे? पावसाने मेमध्येच मुक्काम ठोकला आणि हापूसचा शेवट धुऊन नेला. जुलैत युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेले, त्यात आपला सुवर्णदुर्ग; त्याचे फलक लागले. त्याआधी १३ मार्चला नाना फडणविसांच्या मृत्यूला २२५ वर्षे झाली. नानांच्या भानू घराण्याचे मूळ गाव वेळास, आपल्याच मंडणगड तालुक्यातले. तरी आठवले ते दोनच साच्यांतले नाना : एक चाणक्य, दुसरा ‘घाशीराम’मधला.

दोन्ही साचे सोयीचे, कारण मग कागद वाचायची गरज उरत नाही. पहिला मुळात आपला नव्हेच. इंग्रजांनी नानांना ‘मराठ्यांचा मॅकियाव्हेली’ म्हटले. त्या नावातला संशय आपण झटकून टाकला आणि त्यावर चाणक्याची शाल पांघरली. दुसऱ्याचा दोष तेंडुलकरांना देण्यात अर्थ नाही. १९७२ साली रंगमंचावर आलेले ते नाटक सत्ता आपल्या सोयीसाठी माणूस कसा उभा करते आणि काम सरले की त्याला जमावाच्या हवाली कसे करते, याबद्दल आहे; हे ऐतिहासिक नाटक नव्हे, असे नाटककारानेच बजावले होते. तरुणपणातल्या विषयासक्तीची कबुली तर नानांनी स्वतःच्या आत्मचरित्रातच दिली आहे, ती उघडकीला आणल्याचे श्रेय कुणी घेऊ नये. पण त्यावरून साल्बाईचा तह बरा की वाईट हे कसे ठरणार? हेन्री किसिंजर २०२३च्या नोव्हेंबरात गेले तेव्हाही असेच झाले. कुणाला त्यांच्यात चीनचे दार उघडणारा दिसला, कुणाला १९७१ साली याह्याखानाची पाठराखण करणारा. दोन्ही खरे, पण एकाला दुसऱ्याचे ऐकायचे नव्हते. मुत्सद्दी मेला की त्याच्या स्वभावावर बोलले जाते, हिशेब कुणी मांडत नाही.

मांडायचा तर साल्बाईपासून मांडावा. नारायणरावांच्या खुनानंतर राघोबादादा मुंबईकर इंग्रजांच्या वळचणीला गेले आणि तान्ह्या पेशव्याच्या, सवाई माधवरावांच्या नावाने बारभाईंनी कारभार चालवला. १७७९मध्ये वडगावला इंग्रज फौज कोंडली गेली. १७८०मध्ये नानांनी हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना इंग्रजांविरुद्ध एका सुतात ओवले. सूत कच्चे होते, पण ओवणाऱ्याला धोका कुठून आहे ते कळत होते. १७ मे १७८२ला महादजी शिंद्यांच्या हातून साल्बाईचा तह ठरला. हैदर अजून रणात होता, म्हणून नानांनी मान्यता लांबवली. डिसेंबरात हैदर वारला आणि फेब्रुवारी १७८३मध्ये पुण्याने तह कबूल केला. याला कुणी दगा म्हणतात, कुणी धोरण. आम्हाला वाटते, दोस्त जिवंत असेतो मान्यता अडवून धरणारा माणूस निदान दोस्ती स्वस्तात विकत नव्हता. राघोबादादांना नेमणूक देऊन बाजूला केले, वसई परत आली, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. त्यानंतर वीस वर्षे इंग्रजांनी पुण्याशी युद्ध केले नाही. महादजींचा वाटा वेगळा काढला, तरी ही कमाई मोठीच.

या वीस वर्षांचे केले काय, हा खरा वादाचा मुद्दा. १७९०मध्ये पुण्याने इंग्रज आणि निजाम यांच्याबरोबर टिपूविरुद्ध करार केला. ज्याच्या बापाशी दहा वर्षांपूर्वी हातमिळवणी केली, त्याचे निम्मे राज्य १७९२मध्ये तिघांनी वाटून घेतले. यावर आक्षेप ठरलेला असतो : आज सारे दिसते, तेव्हा कुणाला दिसत होते? नानांना दिसत होते. १७८०ची युती हाच त्याचा पुरावा. टिपूशी जुने वैर होते, म्हणून १७९०चे एक वेळ समजून घेता येईल. १७९६चे नाही. सवाई माधवराव गेल्यावर गादीच्या घोळात नानांना महाड गाठावे लागले. तिथे बसून त्यांनी शत्रू-मित्र सगळ्यांशी जे संधान बांधले ते थक्क करणारे आहे; चाणक्यवाल्यांनी ते जरूर मिरवावे. पण त्यात निजामाची साथ मिळवताना खर्ड्याला जिंकलेला मुलूख परत देण्याचे कबूल केले गेले. खर्ड्याची लढाई मार्च १७९५ची. शिपायांनी रक्त सांडून मिळवलेले दोन वर्षांच्या आत कारभाऱ्याच्या कारभारीपणावरून ओवाळून टाकले.

‘साडेतीन शहाण्यां’तले नाना अर्धे, कारण तलवार त्यांच्या हाती नव्हती. शिवाय महादजी आणि हरिपंत फडके १७९४मध्ये गेले, अहिल्याबाई १७९५मध्ये. एकटा माणूस काय करणार? हा आक्षेप वजनदार आहे. पण ते एकटेपण सगळेच काळाने दिलेले नव्हते. ठिकठिकाणच्या वकिलांची पत्रे नानांकडे येत, मेणवलीचे दप्तर त्याला साक्षी आहे. उत्तरे मात्र एकाच डोक्यातून निघत. त्या डोक्याच्या तालमीत दुसरे डोके तयार झाले नाही. ज्याच्या नावाने सारे चालले, तो पेशवाही एकविसाव्या वर्षी मरेपर्यंत धाकातच होता. (जुने कागद वाचून नानांचे चरित्र लिहिणारे वासुदेवशास्त्री खरे गुहागरचे. आपल्याला निदान त्याची तरी लाज वाटावी.)

नाना १८०० साली गेले. वसईचा तह ३१ डिसेंबर १८०२चा. मध्ये तीन वर्षेही नाहीत. यंदाच्या अंकाचा विषय ‘वारसा’ असून किल्ले, कातळशिल्पे, जुनी घरे असा भरगच्च मजकूर आत आहे; तेव्हा सुवर्णदुर्गाचा उरलेला वारसाही इथेच सांगून टाकू. १७५५मध्ये तुळाजी आंग्र्यांना मोडण्यासाठी पेशव्यांनी इंग्रज आरमाराला हाक घातली, ते याच किल्ल्यावर. त्या मदतीपोटी इंग्रजांना बाणकोट मिळाला, वेळासच्या अगदी शेजारी. नाना तेव्हा तेरा वर्षांचे होते, ते पाप त्यांचे नव्हे. सत्तेचाळीस वर्षांनी हडपसरला होळकरांनी धूळ चारली, तेव्हा दुसरे बाजीराव महाडमार्गे त्याच सुवर्णदुर्गावर आले, आणि तिथून निघाले ते समुद्रमार्गे वसईला, इंग्रजांच्या आश्रयाला.