ओटीपी कुणाच्या फोनवर?

'घरातली गोष्ट घरात राहू दे' हे वाक्य ऐकलं नाही अशी बाई आपल्यात सापडायची नाही. मार खाल्लेल्या मुलीला माहेरी हेच सांगितलं जातं आणि पोलीस चौकीतही. स्त्रीमुक्ती चळवळीनं या वाक्याशीच पहिली झुंज घेतली. चार भिंतींआड जे चालतं ते खासगी नाही, ते राजकीय आहे, असं आपण सभांमधून आणि पथनाट्यांमधून सांगत आलो. मग आज याच पानावर मी खासगीपणाच्या हक्काची बाजू घेते आहे म्हटल्यावर काहीजणींच्या भुवया वर जातील. जाऊ द्यात. भिंतींआड आजवर सांभाळला गेला तो घराचा खासगीपणा होता, म्हणजे कर्त्या पुरुषाचा. बाईला घरातल्या माणसांपासूनही राखता येईल असं स्वतःचं काही असावं, हे कुणाच्या मनातसुद्धा नव्हतं. तिला आलेलं पत्र आधी दुसरा कुणी वाचायचा आणि बचत गटाचं पासबुक सासऱ्याच्या पेटीत असायचं. आता पत्राच्या जागी फोन आला आहे आणि पेटीच्या जागी सरकारचं संकेतस्थळ.

मला लिहायचं आहे ते 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेच्या संकेतस्थळाबद्दल. ही योजना २८ जून २०२४ रोजी जाहीर झाली. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांपेक्षा कमी कौटुंबिक उत्पन्न असलेल्या घरातल्या बाईला महिना १५०० रुपये. पैसे वाटून मतं घेण्याच्या राजकारणाबद्दल आपण या अंकातून पूर्वी भांडलो आहोत, पुन्हाही भांडू. पण ज्या बाईच्या हाती आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर दरमहा पैसे आले, तिच्यासमोर नाक मुरडण्याचा अधिकार मला नाही. त्या पैशातून कुणी गुडघ्याचं औषध आणलं, कुणी मुलीच्या एसटीचा पास काढला. माझा प्रश्न या पैशांच्या बदल्यात तिच्याकडून काय काय घेतलं गेलं, हा आहे.

१८ सप्टेंबर २०२५ रोजी महिला व बालविकास विभागानं सगळ्या लाभार्थींना ई-केवायसी सक्तीची केली. संकेतस्थळावर आधी बाईनं स्वतःचा आधार क्रमांक घालायचा, संमती द्यायची, फोनवर आलेला ओटीपी भरायचा. इथवर ठीक. पुढच्या पानावर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक, आणि त्याच्या फोनवर जाणारा ओटीपी. मग जातीचा प्रवर्ग. मग दोन घोषणा, एक घरात कुणी कायम सरकारी नोकरीत नसल्याची आणि दुसरी घरातल्या किती बायका लाभ घेतात त्याची.

हे मागण्यामागे सरकारचं काही कारण आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. उत्पन्नाची अट कुटुंबाची आहे, तेव्हा कुटुंबाची पडताळणी लागणार. जुलै २०२५ मध्ये मंत्री आदिती तटकरे यांनी २६.३४ लाख लाभार्थींचा लाभ जूनपासून थांबवल्याचं सांगितलं होतं. त्यात बायकांच्या नावावर पैसे घेणारे पुरुषही निघाले. चोऱ्या पकडायलाच हव्यात. पण पडताळणीचा जो रस्ता निवडला तो नवऱ्याच्या खिशातल्या फोनमधून जातो, आणि आमच्या जिल्ह्यात त्याचा अर्थ काय होतो हे ज्यानं तो रस्ता आखला त्याला ठाऊक नसावं.

रत्नागिरी जिल्हा म्हणजे मनीऑर्डरीवर जगलेला जिल्हा. घरोघरचा पुरुष मुंबईला, नाहीतर आखाती देशात, नाहीतर बोटीवर. आधारचा ओटीपी दहा मिनिटं टिकतो. मिरकरवाड्याहून मासेमारीला गेलेल्या खलाशाला तो समुद्रात कसा सांगणार? लांजा-राजापुराकडच्या एखाद्या सड्यावरच्या वाडीत बाईला रेंज मिळायला टेकाडावर चढावं लागतं. ती चढेपर्यंत मुंबईतला नवरा ड्यूटीवर गेलेला असतो. एक बाई मला म्हणाली, "ताई, फोन लागला तर पहिला प्रश्न हाच, की पैसे किती साठवलेस ते सांग." तिनं दीड वर्ष हे पैसे घरात न सांगता मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी बाजूला ठेवले होते. ओटीपी मागण्यासाठी तिला सगळा हिशेब उघड करावा लागला. सरकारच्या लेखी ही पडताळणी होती. तिच्या घरात मात्र नवऱ्याची परवानगी मागण्याचाच प्रकार झाला.

ही त्यातल्या त्यात नांदत्या घरातली गोष्ट. टाकलेल्या बाईनं काय करायचं?

योजनेच्या शासन निर्णयात पात्र बायकांची यादी आहे: विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार आणि कुटुंबातली एक अविवाहित. 'परित्यक्ता' हा शब्द सरकारी कागदावर आपोआप आलेला नाही. २० मार्च १९८८ रोजी संगमनेरला समता आंदोलनानं निशा शिवूरकर यांच्या पुढाकारानं परित्यक्तांची परिषद भरवली, तेव्हापासूनच्या लढ्यानं तो तिथे आणला. वेगळं रेशनकार्ड मिळावं म्हणून या बायका तहसीलदाराच्या दारात बसल्या. कारण नाव नवऱ्याच्या कार्डावर, आणि ते कमी करायला नवऱ्याची सही लागायची. सही तो देत नसे. पुढे १९९४ साली महाराष्ट्रानं महिला धोरण आणलं आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर घरातल्या सर्वांत मोठ्या बाईला कुटुंबप्रमुख केलं. इतकी मजल मारल्यावर २०२५ साली संकेतस्थळाच्या एका चौकटीनं तिला पुन्हा त्याच उंबऱ्यावर नेऊन उभं केलं. त्या वेळी सही लागायची, आता ओटीपी लागतो.

ओरड झाल्यावर, नोव्हेंबर २०२५ मध्ये, मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली आणि ज्यांचे पती किंवा वडील हयात नाहीत किंवा घटस्फोट झाला आहे त्यांनी स्वतःची ई-केवायसी करून मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचा कागद किंवा न्यायालयाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यावा, अशी सोय झाली. उशिरा का होईना, झाली. पण टाकलेल्या बाईकडे कोणता कागद असतो? तिचा नवरा मेलेला नाही आणि तिचा घटस्फोटही झालेला नाही. तो दुसरं घर मांडून बसला आहे आणि हिनं कोर्टाची पायरी चढलेली नाही, कारण वकिलाची फी कुठून आणायची? आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बायकांपैकी कितीजणी तर त्याला आपला पत्ता कळू नये म्हणून धडपडत असतात. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा आणि त्याचे नियम हे ओळखतात. बाईची इच्छा असेल तर निवारागृहानं तिथला तिचा ठावठिकाणा त्या माणसाला कळवायचा नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. एका खात्याचा कायदा तिला लपायची मुभा देतो आणि त्याच खात्याचं संकेतस्थळ तिला त्याला फोन करायला लावतं.

आता माहिती जाते कुठे त्याचंही पाहू. २०२४ च्या पावसाळ्यात अर्ज भरले गेले ते अंगणवाडीत, ग्रामपंचायतीत, सेतू केंद्रात आणि राजकीय पक्षांनी उघडलेल्या मदत केंद्रांवर. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक यांचे फोटो काढून ते कुणाच्या ना कुणाच्या व्हॉट्सॲपवर पाठवले गेले. त्यातले किती फोटो अजून त्या फोनमध्ये आहेत? ई-केवायसी मोफत असतानाही एका केंद्रावर बायकांकडून शंभर-शंभर रुपये घेतले जात होते. ते मी पाहिलं आहे, आणि त्याहून मला खटकली ती तिथली वही, जिच्यात प्रत्येकीचा आधार क्रमांक आणि फोन नंबर एकाखाली एक लिहिलेला होता आणि ती वही टेबलावर उघडी पडली होती. त्यातच सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी बनावट संकेतस्थळं निघाली आणि अधिकृत पत्त्यावरच जा, असं विभागाला सांगावं लागलं.

कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या निकालात आपल्या, म्हणजे स्त्रीवादी, आक्षेपाचीही दखल आहे: खासगीपणाच्या नावाखाली घरातला अन्याय झाकता येणार नाही, तरी बाईचा स्वतःचा खासगीपणा राखला पाहिजे. त्यानंतर २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि माहिती गोळा करणाऱ्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे अठरा महिन्यांची सवड दिली गेली. या कायद्यात एक गोष्ट चांगली आहे. संमती मागताना दिली जाणारी सूचना मराठीत मागण्याचा हक्क आपल्याला आहे. पण अनुदान आणि सवलती देताना सरकारला बऱ्याच वेळा नव्यानं संमती घ्यावी लागत नाही, अशी वाटही याच कायद्यात आहे. आणि याच कायद्यानं माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला. पूर्वी त्या कलमात सार्वजनिक हिताचा विचार होता, तो तिथून काढला. म्हणजे साहेबांची माहिती 'वैयक्तिक' म्हणून नाकारायची सोय झाली, आणि बाईनं मात्र स्वतःची, नवऱ्याची, जातीची माहिती दिल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

केस रेकॉर्डची गोपनीयता हा समाजकार्याच्या अभ्यासातला पहिल्या वर्षाचा धडा. त्यामुळे आपल्या संस्थांकडेही बोट जातंच. आपण प्रकल्प अहवालात बायकांचे फोटो छापतो, निधी देणाऱ्यांना 'केस स्टडी' पाठवतो. आमच्या केंद्रात नावाची नोंदवही कुलपात असते आणि फाइलवर फक्त क्रमांक. फोन करायचा झाला तर कोणत्या वेळी आणि कुणाच्या नावानं करायचा, हे तिलाच विचारून ठरतं. हे करायला संगणक लागत नाही, दोन वह्या आणि एक कपाट पुरतं. मथुरा प्रकरणानंतर पेटलेल्या आंदोलनातून १९८३ साली बलात्कारपीडितेचं नाव छापण्यावर बंदी आली. आज ते न्याय संहितेचं कलम ७२ आहे. ती बंदी आपण मागून घेतली होती, तेव्हा असल्या काळजीची सुरुवात आपल्या घरापासून व्हायला कुणाची हरकत नसावी.

सरकारकडे आपलं मागणं फार मोठं नाही. कुटुंबाची माहिती रेशनकार्डाच्या नोंदीत आहे. पडताळणी तिथून करा, नवऱ्याच्या फोनवर ओटीपी पाठवू नका. परित्यक्ता ही चौकट संकेतस्थळावर ठेवा आणि तिच्या स्वयंघोषणेवर, फार तर अंगणवाडी सेविकेच्या चौकशीवर विश्वास ठेवा. ही माहिती किती वर्षं ठेवणार आणि कोणत्या खात्याला देणार, ते त्याच पानावर साध्या मराठीत लिहा.

आणि तोवर, मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत एवढं सांगा. आधारची प्रत द्यायचीच झाली तर फक्त शेवटचे चार अंक दिसतात ती झाकलेली प्रत द्यावी; ती आधारच्या संकेतस्थळावर मिळते. सरकारी पत्त्याचा शेवट 'गव्ह डॉट इन' असाच असतो, तो वाचूनच पुढे जावं. ओटीपी वाचून दाखवायचा नाही, स्वतः भरायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करायचा.

मधल्या पानावर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा आहे. आपापल्या गावात किती टाकलेल्या बायकांचे पैसे नवऱ्याच्या ओटीपीपायी अडले ते त्यात भरून पाठवा. त्यांची नावं लिहू नका, फक्त आकडा लिहा.