विमापत्र की दवाखाना?

३ ऑगस्ट २०२३ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क करण्याचा निर्णय घेतला व १५ ऑगस्टपासून तो अमलात आला. महापालिकांची रुग्णालये मात्र त्यातून वगळली गेली. या दोन तारखांच्या दरम्यानच ठाणे महापालिकेच्या कळवा येथील रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. जिल्हा रुग्णालय पुनर्बांधणीसाठी हलविलेले, त्यामुळे कळव्यावर वाढता भार. आरोग्यसुधारणेची घोषणा आणि रुग्णाचा अनुभव यांत केवढे अंतर असू शकते, हे त्या पंधरवड्याने दाखवून दिले.

कोलशेतचेच पाहा. खाडीकाठचे हे आगरी-कोळ्यांचे गाव. येथे रासायनिक कारखाने आले, पुढे गेले आणि त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. मनोऱ्यात राहणाऱ्याला खाजगी रुग्णालय परवडते. तेथे धुणीभांडी करणाऱ्या बाईला आधार महापालिकेच्या दवाखान्याचा. तिला रक्तदाब वा मधुमेह असेल, तर तिची गरज अगदी साधी आहे : दरमहा न चुकता गोळ्या, खाडा न होता तपासणी आणि तिला ओळखणारी परिचारिका.

सुधारणेचा ओघ मात्र दुसरीकडे आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण पाच लाख रुपयांपर्यंत नेऊन ते सर्व कुटुंबांना देण्याचा निर्णय २०२३ मध्येच झाला. पण ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहे. दरमहाच्या गोळ्या तिच्यात बसत नाहीत. गोळीअभावी अर्धांगवायू झाला, की मग कार्ड उपयोगी पडणार! दवाखान्यात रोग रोखला जातो, त्याचे बिल कोणी काढत नाही. म्हणूनच तो दुर्लक्षित राहतो.

सरकारी दवाखाने अकार्यक्षम आहेत, तेव्हा रुग्णाला निवड करू द्या, असे सांगितले जाते. दवाखान्यांतील उणिवा नाकारण्याचे कारण नाही. परंतु आजारी माणूस हा बाजारातील जाणकार ग्राहक नसतो, हे केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच दाखवून दिले होते. शिवाय अकार्यक्षमता येते कोठून? राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी कर्मचाऱ्यांना १९ ऑगस्ट २०२५ पासून राज्यभर संपावर जावे लागले. वर्षानुवर्षे कंत्राटावर राबणाऱ्या परिचारिकेकडून रुग्णाशी स्थिर नाते कसे अपेक्षावे? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सार्वजनिक आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. ते वर्ष सरले, वचन अपुरेच राहिले.

कार्यकर्त्यांनी हा प्रश्न केवळ निवेदनांवर सोडू नये. आपल्या वस्तीतील दवाखान्यात महिन्यातून एकदा जावे. कोणती औषधे संपली, किती पदे रिक्त आहेत, सायंकाळी दार उघडे असते का, याची नोंद ठेवावी आणि महापालिकेच्या अंदाजपत्रकाच्या वेळी ती वहीच पुढे करावी. कायम कर्मचारी, अखंड औषधपुरवठा आणि कामकऱ्यांच्या सोयीची वेळ, या तीन मागण्यांना पाच लाखांचे कार्ड हे उत्तर होऊ शकत नाही.