देखभाल चालवणाऱ्याची, दुरुस्ती मिस्तरीची

फौजेत एमटीच्या कामाला लागलेल्या माणसाच्या डोक्यात एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की बसवतात. गाडीची देखभाल चालवणाऱ्याने करायची, वर्कशॉपची पाळी त्यानंतर. सकाळी गाडी सुरू करण्याआधी फर्स्ट परेड : तेल, पाणी, बॅटरी, टायर, लाइट, खाली कुठे गळती. वाटेत थांबा घेतला की हॉल्ट परेड : चाकाच्या मध्यावर हात ठेवून ते वाजवीपेक्षा जास्त तापलंय का ते बघायचं, टायर बघायचे. परत आल्यावर लास्ट परेड : गाडी पुसायची, टाकी भरायची आणि दिवसभरात जे काही वेगळं जाणवलं ते सांगायचं. ईएमईचे कारागीर कितीही कसबी असले तरी ते रोज सकाळी प्रत्येक गाडीजवळ उभे राहू शकत नाहीत. म्हणून ही व्यवस्था.

आणि हाच जवान घरी आला की स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडत नाही. चावी दुसऱ्याच्या हातात देतो, बिल आलं की कुरकुरतो आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच करतो. नवी, वॉरंटीतली गाडी असेल तर ठीक आहे. पण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी दहा-पंधरा वर्षांची गाडी असते. आमची मारुती ८०० सन २०१० ची. कंपनीने हे मॉडेल २०१४ मध्ये बंद केलं, पण सुटे भाग अजून मिळतात. माझं मत स्पष्ट आहे : अशा गाडीची नेहमीची देखभाल घरीच झाली पाहिजे, आणि ती घरात जो सगळ्यात जास्त राहतो त्याला आली पाहिजे. फौजी घरात तो माणूस म्हणजे बहुतेक वेळा बायको.

झाशीत हे जास्तच पटतं. मे-जूनमध्ये इथे पारा ४५ च्या वर जातो. बबिन्याच्या बाजूला रेंजवर रणगाडे फिरले की धुळीचे लोट उठतात, आणि एरवीही बुंदेलखंडात कोरड्या महिन्यांत धूळ कमी नसते. बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला पांढरा थर धरतो. त्यामुळे पुस्तकात सांगितलेली मुदत इथे जशीच्या तशी लागू होत नाही. एअर फिल्टर लवकर काढून बघावा लागतो, उजेडासमोर धरून पलीकडचं दिसत नसेल तर बदलायचा. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी घालायचं नाही. त्यातले क्षार आत बसतात, नळ्या बुजतात आणि नेमकं उन्हाळ्यात इंजिन तापतं. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं मिसळून ठेवलं की वर्षभर चिंता नाही.

बॅटरीचा मोठा शत्रू थंडीपेक्षा उष्णता आहे. हिवाळ्याच्या एखाद्या सकाळी ती मान टाकते आणि आपण थंडीला दोष देतो, पण तिचं नुकसान आधीच्या उन्हाळ्यात झालेलं असतं. साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी साधारण १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास. चालू असताना तेवढे येत नसतील तर बॅटरीआधी अल्टरनेटरची तपासणी करून घ्यावी, नवी बॅटरी घेऊन पैसे वाया घालवू नयेत. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर आला असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचा, कोरडं करायचं आणि वर व्हॅसलिन लावायचं. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. एवढा क्रम पाळला तर पान्याने ठिणगी उडत नाही.

फौजी गाडीचं आणखी एक दुखणं असतं. ती चालून झिजण्यापेक्षा उभी राहून जास्त खराब होते. नवरा फील्डला, गाडी क्वार्टरसमोर कव्हरखाली. चार महिन्यांत बॅटरी उतरते, टायर एकाच जागी दबतात, उंदीर वायरी कुरतडतात. टायरची नक्षी नव्यासारखी दिसते म्हणून फसू नका. बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २२१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या बाविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं, बाजूला बारीक चिरा पडतात, आणि तापलेल्या हायवेवर तोच टायर फुटतो. म्हणून आठवड्यातून एकदा गाडी वीस-पंचवीस मिनिटं फिरवून आणावी. हवा टायर थंड असतानाच तपासावी.

यावर नेहमीचा आक्षेप असा : झाशीत मिस्तरी स्वस्त आहे, मग आपण हात काळे का करायचे? मिस्तरी स्वस्त आहे आणि चांगलाही आहे, हे मान्य. मीही त्याच्याकडे जातो. पण तो गाडी सहा महिन्यांतून एकदा बघतो. डिपस्टिकवरचं तेल गेल्या महिन्यात वरच्या खुणेला होतं आणि आज मधोमध आलं, हे त्याला कसं कळणार? ते घरच्यालाच कळतं. आणि 'कूलंट दर आठवड्याला थोडं कमी होतंय, खाली थेंब दिसत नाही' असं सांगणारं गिऱ्हाईक आलं की मिस्तरीही सरळ मुद्द्यावर येतो. 'गाडी जरा बघा' म्हणणाऱ्याला मात्र लांबलचक यादी मिळते.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, कारण अर्धवट शिकलेला हात धोकादायक. ब्रेक, स्टीअरिंग, पेट्रोलची लाइन ही कामं घरची नव्हेत. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, ते साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं, पण ते जाणत्याकडून. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. जुनं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतायचं नाही. नियमांनुसार तो घातक कचरा आहे. डब्यात भरून ते गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावं.

या सगळ्याचा उपयोग काय, हे आमच्या शेजारच्या वहिनींनी दाखवलं. भाऊ लेहला. वहिनी दोन मुलांना घेऊन एनएच ४४ ने नागपूरकडे निघाल्या होत्या. ललितपूरच्या अलीकडे त्यांना तापमानाचा काटा वर चढताना दिसला. त्यांनी एसी बंद केला, गाडी सावलीत घेऊन इंजिन बंद केलं. एक ढाबेवाला मदतीला आला आणि झाकण उघडायला लागला, त्याला थांबवलं. पाऊण तासाने इंजिन निवल्यावर बघितलं तर होज पाइपची क्लिप सैल झाली होती. स्क्रू ड्रायव्हरने आवळली, बरोबरच्या बाटलीतलं पाणी घातलं आणि ललितपूरला मिस्तरीकडे दाखवून पुढे गेल्या. भाऊंना हे सगळं दोन दिवसांनी फोनवर कळलं. सीमेवरच्या माणसाच्या डोक्यावरचं ओझं याने किती हलकं होतं, ते ज्याने तिथे रात्री काढल्यात त्याला वेगळं सांगायला नको.

पंधरा वर्षं झाली की गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. २०२२ पासून त्याची फी मोटारीसाठी ५००० रुपये झाली आणि मुदत मिळते पाच वर्षांची. फिटनेस तपासणी वेगळी. ज्याने गाडीकडे वर्षानुवर्षं बघितलेलंच नाही, त्याला तिथे एकदम मोठा खर्च निघतो आणि धडधाकट गाडी भंगारात जाते. ज्याच्याकडे वहीत तारखा लिहिलेल्या आहेत, तेल कधी बदललं, फिल्टर कधी, टायर कधी, त्याला गाडी ठेवायची की काढायची हे शांतपणे ठरवता येतं. आपली कार डायरी आपण सरकारी गाडीसाठी लिहितोच, मग एक दोनशे पानी वही घरच्या गाडीसाठी घालायला काय हरकत आहे?

माझी एक साधी सूचना आहे. प्रत्येक युनिटमध्ये वेल्फेअर मीट होते. त्यातली एक वर्षातून एकदा एमटी पार्कात घ्या. दोन तास, एक जुनी गाडी, एक अनुभवी एमटी हवालदार. वहिनींना बॉनेट उघडायला लावा, डिपस्टिक काढायला लावा, स्टेपनी स्वतःच्या हाताने बदलायला लावा. निवृत्त मंडळींनी आपापल्या गावात, सोसायटीत हेच करावं. फर्स्ट परेडला वर्दी लागते असं कुठे लिहिलेलं नाही.