जुन्या गाडीची ‘कॅफे रेसर’: हौस शेडमधली, हिशेब आरटीओचा

जुन्या नंबरप्लेटा बदलायचा हुकूम आला आणि गोठ्यातून, कडब्याच्या गंजीमागून धूळ खात पडलेल्या गाड्या बाहेर निघाल्या. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदणी झालेल्या सगळ्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची, दुचाकीला ४५० रुपये आणि वर जीएसटी. मुदत एकदा नाही, चार-पाच वेळा वाढली. आता प्लेट मागवायची तर आरसी हवी, चेसिस नंबर हवा, इंजिन नंबर हवा. बऱ्याच घरांत घोळ निघाला तो इथंच. आरसी आजोबांच्या नावावर, आजोबा वारून वर्षं झालेली, आणि नातवानं गाडीची मागची अर्धी चेसिस ग्राइंडरनं कापून ठेवलेली.

ही कापाकापी कशासाठी, तर कॅफे रेसर करण्यासाठी. मोबाइलवर रोज असले व्हिडिओ फिरतात. पहिल्या मिनिटाला गंजलेली स्प्लेंडर, दहाव्या मिनिटाला काळी-तपकिरी, बुटकी, एकसीटची चकचकीत गाडी. मधले तीन महिने, दोनदा फसलेली वायरिंग आणि आरटीओचा कागद त्या व्हिडिओत नसतो. आपल्या तालुक्यात गॅरेजवाल्या पोरांकडं आता पंक्चर आणि ऑइल बदलण्याबरोबर हे पण काम येतंय, म्हणून या विषयाकडं नुसता पोरांचा नाद म्हणून बघून चालणार नाही.

मुळात ही चीज आपली नाही. इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धानंतर कामगार घरातल्या पोरांच्या हातात चार पैसे आले आणि त्यांनी मोटरसायकली घेतल्या. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर ‘एस कॅफे’ नावाचं चहा-नाश्त्याचं ठिकाण होतं, १९३८ सालचं. युद्धात बॉम्ब पडून ते उडालं, १९४९ ला पुन्हा बांधलं. ट्रकवाले तिथं थांबायचे, म्हणजे आपल्याकडच्या हायवेच्या ढाब्यासारखंच. पोरं तिथं जमायची आणि एका कॅफेपासून दुसऱ्या कॅफेपर्यंत गाड्या पळवायची. ताशी १०० मैल म्हणजे १६० किलोमीटरचा आकडा गाठायचा ही ईर्षा. त्यासाठी गाडीवरचं जे जे जड ते काढून टाकायचं, हँडल खाली घ्यायचं, पाय मागं न्यायचे, म्हणजे वारा कमी लागतो. नॉर्टनच्या चेसिसमध्ये ट्रायम्फचं इंजिन बसवून ‘ट्रायटन’ तयार करायचे. म्हणजे तिथला बदल वेगासाठी होता, दिसणं त्याच्या मागून आलं. आपल्याकडं उलटं झालंय. ९७ सीसीच्या स्प्लेंडरला खाली हँडल लावून काही वेग वाढत नाही, नुसती मान दुखते.

पुढं ही चव कंपन्यांनीच विकायला काढली. रॉयल एनफिल्डनं कॉन्टिनेंटल जीटी ५३५ ही गाडी २०१३ मध्ये बाजारात आणली, २०१८ मध्ये ६५० सीसीची. पण ती किंमत शेतकऱ्याच्या पोराला परवडत नाही. मग घरातली जुनी गाडी आहेच. सीडी १००, स्प्लेंडर, सीबीझेड, पहिली पल्सर, कुणाकडं यझदी, आणि नशीबवान असेल तर आरएक्स १००. आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ ला थांबलं, तरी चांगल्या गाडीला लोक आज नव्या गाडीएवढे पैसे मोजतात. असली गाडी कापणाऱ्याला तर मी सरळ वेडा म्हणेन. मूळ स्थितीत ठेवली तर तिची किंमत चढते, कापली की उतरते. एवढा साधा हिशेब आहे.

आता कायदा बघू, कारण खरी गोम तिथं आहे.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेला जो तपशील आरसीवर आहे, त्यापेक्षा वेगळी गाडी मालकानं करायची नाही. सीएनजी किट किंवा इंजिन बदलणं याला परवानगीची वाट आहे, पण परवानगी आधी घ्यायची, नंतर नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२ अ आलं. त्यात मालकानं बेकायदा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलाला’ हे शब्द नीट वाचा.

याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्या गॅरेजवाल्यांना कुणी सांगत नाही. डीलरनं असा बदल केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागं एक लाख रुपये दंड. आता तुम्ही म्हणाल, आमचा कुठला डीलर, आमची तर पत्र्याची टपरी. पण कायद्यातली डीलरची व्याख्या काढून बघा, गाडी दुरुस्तीचा धंदा करणाराही तीत येतो. दहावीनंतर पाना हातात घेतलेलं पोरगं हजार-दोन हजार मजुरीसाठी चेसिस कापतं, त्याला आपण कुठल्या रांगेत उभे आहोत याचा पत्ताच नसतो. गाडीमालक उद्या हात वर करून मोकळा होईल.

चेसिस कापल्यानं नेमकं काय बदलतं? आरसीवर आसनसंख्या दोन लिहिलेली असते, गाडीवर सीट एकाचीच उरते. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणं मागं बसणाऱ्यासाठी धरायला पकड, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागचं चाक निम्म्यापेक्षा कमी नाही इतकं झाकणारं संरक्षण लागतं. साडी गार्ड म्हणतो ते. कॅफे रेसर करताना पहिल्या दिवशी काढून भंगारात टाकतात ते नेमकं हेच. मागच्या चाकात पदर अडकून काय होतं हे सांगायला नको.

आवाजाचं वेगळं प्रकरण आहे. जिल्ह्या-जिल्ह्यांत पोलीस सायलेन्सर जमा करून त्यावर रोलर फिरवतात, त्याचे फोटो आपणही छापतो. कलम १९०(२) खाली आवाज आणि प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्या तर पहिल्या वेळेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि लायसन्सही तीन महिने अडकतं. पण कायदा बाजूला ठेवला तरी हा सायलेन्सरचा उद्योग तोट्याचा आहे. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक गाडीचा सायलेन्सर म्हणजे नुसती धूर बाहेर टाकायची नळी नाही. त्याचा फुगलेला पोटाचा भाग धुराचा दाब परत उलटा फेकतो आणि इंजिनातून बाहेर निसटायला निघालेलं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत ढकलतो. तो काढून सरळ पाइप लावला की आवाज वाढतो, ताकद घटते आणि पेट्रोल जास्त जातं. आवाज मोठा म्हणून गाडी पळतेय असं वाटतं एवढंच. फोर-स्ट्रोकला एअर फिल्टरचा डबा काढून छोटा उघडा फिल्टर लावला तर हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतं. मग इंजिन तापतं, प्लग पांढरा पडतो. कार्ब्युरेटरचा जेट बदलल्याशिवाय ते जुळत नाही, आणि आपल्याकडं जेट बदलण्याऐवजी चोक ओढून गाडी चालवणारे महाभाग आहेत.

आता जे लोक शेडमध्ये हे काम करतातच, त्यांच्यासाठी जिवावरच्या दोन गोष्टी. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली म्हणून वेल्डिंगला घेऊ नका. पेट्रोलपेक्षा त्याची वाफ वाईट. टाकी आठवडाभर उन्हात पडलेली असली तरी गंजाच्या पापुद्र्यात पेट्रोल मुरलेलं असतं, ठिणगी लागली की टाकीचा बॉम्ब होतो. गळकी टाकी असेल तर हे काम जाणणाऱ्याकडं द्या, नाहीतर दुसरी टाकी शोधा. दुसरं, चेसिसचं वेल्डिंग. नांगराचा फाळ, ट्रॉलीचा हुक जोडायचं आपलं घरचं मशीन आणि जाड रॉड गाडीच्या पातळ नळीला चालत नाही. एकतर नळी जळून भोक पडतं, नाहीतर वरून गुळगुळीत दिसतं आणि आत धरलेलंच नसतं. वरून लांबी भरून रंग मारला की कळायला मार्ग नाही. कळतं ते खड्ड्यात गाडी आपटल्यावर. मागच्या शॉकअपचे कान जिथं जोडलेत त्याच्या आसपास तर ग्राइंडर न्यायचाच नाही, माणसाचं सगळं वजन तिथं येतं.

आपल्या रस्त्यांचा पण विचार करा. लंडनचा तो डांबरी रस्ता आणि आपला कारखान्याचा रस्ता यात फरक आहे. हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या बिनलाइटच्या उभ्या असतात. अशा रस्त्यावर व्हिडिओतल्यासारखे बोटभर इंडिकेटर आणि टिकलीएवढा टेललाइट लावून जायचं म्हणजे मागच्याला आपण दिसायचंच नाही. हँडल खाली गेलं की खड्डा चुकवताना वळवायला जागा कमी मिळते, कधी टाकीला बोट चेंगरतं. आरसे बुडाशी लावले की मागचं दिसत नाही. अपघात झाला आणि विमा कंपनीला न सांगता केलेला बदल निघाला, तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारायला तिला आयतं कारण मिळतं.

आणि एक घरगुती बाजू. खेड्यातली दुचाकी ही नुसती दुचाकी नसते. तिच्यावर दुधाची किटली जाते, वैरणीचा भारा जातो, खताचं पोतं जातं, आजारी माणूस मधी बसवून दवाखान्यात जातो. एकसीटची कॅफे रेसर झाली की घरातलं एक वाहन कमी झालं असं धरा. घरात दुसरी गाडी असेल तर हौस करायला हरकत नाही. नसेल तर बापाशी भांडण ठरलेलंच.

मग ही हौस करायचीच नाही का? तर तसं नाही. हातानं गाडी खोलणारं, इंजिन उतरवणारं, वायरिंग समजून घेणारं पोरगं वाया जात नाही. माझं म्हणणं एवढंच की कापायच्या आधी थांबा. चेसिस तशीच ठेवून बोल्टनं बसणारी सीट करता येते. ती दोघांची ठेवली, लांब आणि सपाट, तरी रूप येतं. खालच्या बाजूला टाकीची कड आणि सीटची कड एका रेषेत आली की निम्मं काम झालं, हे या गाडीचं मर्म आहे. त्याला ग्राइंडर लागत नाही. हँडल थोडं सपाट घ्या, पण दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून क्लच आणि अॅक्सिलेटरची केबल ताणत नाही ना ते बघा. सायलेन्सर कंपनीचा ठेवून नुसता काळा करा. साडी गार्ड, आरसे, पूर्ण आकाराचा टेललाइट राहू द्या. रंग बदलला तर आरसीवर रंगाची नोंद असते, ती आरटीओत बदलून घ्या. काढलेले मूळ भाग पोत्यात बांधून माळ्यावर ठेवा, भंगारवाल्याला घालू नका. नूतनीकरणाच्या वेळी तेच उपयोगी पडतात.

नूतनीकरणावरून एक गैरसमज गावात पक्का बसलाय की १५ वर्षं झाली की गाडी भंगारात. आपल्या राज्यात खाजगी दुचाकीला तसा नियम नाही. १५ वर्षांनी आरटीओ गाडी तपासतं, फॉर्म २५ भरून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते, पर्यावरण कर भरावा लागतो. नूतनीकरणाची फी १००० रुपये आहे, आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या दुचाकीला २००० रुपये. पण इन्स्पेक्टर समोर गाडी बघतो, तेव्हा आरसी आणि गाडी जुळली पाहिजे. ५० वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणीची सोय आहे, तीही चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळचं असेल तरच. म्हणजे आजोबांची जुनी राजदूत कापली तर तो दरवाजाही बंद.

सगळ्यात आधी मात्र नाव. मयताच्या नावावरची गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ आहे, मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती लागते. विकत घेतलेल्या गाडीला फॉर्म २९ आणि ३०. बाजारातून बिनकागदाची गाडी ‘शोसाठी’ म्हणून कुणी स्वस्तात देत असेल तर ती चोरीची निघू शकते, मोबाइलवर परिवहन अॅपमध्ये नंबर टाकून आधी बघा. आणि गाडी रंगाला देताना, विशेषतः वाळूच्या माऱ्यानं गंज काढायला देताना, हँडल बसतं त्या मानेवरचा चेसिस नंबर टेपनं झाकून द्या आणि त्याचा स्वच्छ फोटो काढून ठेवा. तो नंबर एकदा घासला गेला की प्लेटही मिळत नाही, आणि ही गाडी माझीच आहे हे पोलीस चौकीत पटवून देताना तुमच्या हातात काही उरत नाही.