पाठींतील पाण्याची साक्ष

कडक ताप, असह्य डोकेदुखी, ओकाऱ्या, ताठलेली मान आणि त्यांतच ग्लानि, अशा रोग्याच्या पाठींतील पाणी काढावयाचें असें डॉक्टरांनीं म्हटलें कीं घरांतील वडील मंडळी दचकतात. ‘पाठींत सुई गेली कीं पाय लुळे पडतात’ हा समज सुशिक्षितांच्या माजघरांतूनहि अद्याप हललेला नाहीं. वस्तुतः मज्जारज्जु कमरेच्या वरच्या अंगासच संपतो, व सुई त्याच्या खालीं टोंचितात.

मेंदूच्या आवरणांत शिरलेला जंतु कोणता, व कोणतें औषध त्यास आवरील, याची खरी साक्ष हें पाणीच देतें. रक्त आणि मेंदू यांच्यामध्यें निसर्गानें कडक पहारा ठेविला आहे. पुष्कळशीं औषधें त्यांतून थोडींच आंत जातात. १९४२ सालीं लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयांत फ्लेमिंगनें अशाच एका रोग्यास पेनिसिलीन दिलें. स्नायूंत दिलेलें औषध पाठींतील पाण्यांत उतरेना. तेव्हां त्यानें तें पाठीच्या कण्यांतच टोंचलें, आणि तो रोगी वांचला.

मौज पहा! न्यूमोकॉकस नांवाचा जंतु किंचित् निर्ढावला, तरी फुप्फुसांत त्याचें कांहीं चालत नाहीं. शिरेंतून दिलेलें भरपूर पेनिसिलीन त्यास पुरून उरतें. मेंदूपाशीं मात्र तोच वरचढ होतो. म्हणून अमेरिकेंतील मानकांत २००८ पासून एकाच जंतूस दोन मापें लावितात. ज्याची वाढ थांबविण्यास दर मिलिलिटरास १ मायक्रोग्राम पेनिसिलीन लागतें, तो न्यूमोनियांत औषधास वश, आणि मेनिंजायटिसमध्यें औषधास न जुमानणारा ठरतो. पेनिसिलीन व क्लोरॅम्फेनिकॉल या दोहोंसहि दाद न देणारे न्यूमोकॉकस १९७७ सालींच दक्षिण आफ्रिकेंतील डर्बन येथें आढळले होते.

या कारणानें आतां सेफ्ट्रायॅक्सोन, व निर्ढावलेल्या न्यूमोकॉकसची शंका असल्यास जोडीस व्हँकोमायसीन, हीं औषधें तपासणीच्या निकालाची वाट न पाहतां तत्काळ सुरू करितात. निकाल आल्यावर त्यांतील अनावश्यक तें वगळतात.

यांत घोटाळा करतें तें आपलें औषधांचें कपाट. मागल्या खोकल्यांतून उरलेल्या दोन गोळ्या तापांत दिल्या, कीं रोग जात नाहीं. मात्र पाण्यांतील जंतु प्रयोगशाळेंत वाढेनासे होतात, आणि साक्षीदारच मुका होतो. तशी गोळी कोणी दिलीच असेल, तर तिचें नांव व वेळ कागदावर लिहून, संकोच न धरितां, सुई टोंचण्यापूर्वींच डॉक्टरांच्या हातीं द्यावी.