हत्तीपाय आणि तुंबलेले गटार

कावेरीकाठचे कुंभकोणम् देवळांसाठी प्रसिद्ध. पण एके काळी तिथला हत्तीपायही तितकाच ठाऊक होता. हा काही दैवाचा कोप नव्हे. तुंबलेल्या गटारात वाढणारा क्युलेक्स डास रात्री चावतो आणि या रोगाचे सूक्ष्म जंतही रक्तात रात्रीच उतरतात! धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या रक्तातही ते वर्षानुवर्षे असू शकतात. म्हणून रोगाच्या भागात सरकारी गोळ्या साऱ्या घराने घ्यायच्या (दोन वर्षांखालची मुले, गरोदर बायका व गंभीर आजारी सोडून). आपल्याकडे त्या पुष्कळदा फडताळातच राहतात. शेजारच्या श्रीलंकेने १९४७ पासून या रोगाचा पिच्छा पुरवला. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिच्या यशावर शिक्कामोर्तब केले. सुजून जाड झालेला पाय मात्र गोळीने पूर्ववत होत नाही. तो रोज साबणाने धुऊन कोरडा ठेवावा, बोटांमधल्या चिरा जपाव्यात.